हवेच्या प्रदूषणाचा खर्च आणि हिशोबातला कोरा रकाना



'प्रदूषण : एक गंभीर समस्या' हा निबंध आपल्यातल्या प्रत्येकाने शेकड्याने तपासला असेल. त्यातलं एक वाक्य ठरलेलं असतं. 'वायुप्रदूषणामुळे मानवी आरोग्यावर घातक परिणाम होतात.' मुलं ते लिहितात, आपण बरोबरची खूण करतो आणि पुढची वही उघडतो. 'किती?' हे आपण विचारत नाही. किती माणसांवर परिणाम होतो, त्याचे किती रुपये होतात, आणि ते रुपये नेमके कोणाच्या खिशातून जातात?

माझं मत असं की हा विषय निबंधाच्या वहीतून काढून गणिताच्या तासाला आणला पाहिजे. सातवी ते नववीच्या मुलांना येणारं गणित त्याला पुरतं. शेकडेवारी, सरासरी, चक्रवाढ व्याज, बस्स. मात्र हा हिशोब शिकवताना त्यात काय धरलंय याच्याइतकंच काय सोडलंय हेही दाखवायला हवं. तसं केलं नाही तर निबंधातलं पोकळ वाक्य जाऊन त्या जागी एक पोकळ आकडा येईल, एवढाच फरक पडेल.

आधी आकडा बघू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिच्या सहकारी संस्थांनी राज्यवार अभ्यास केला होता. डिसेंबर २०२० मध्ये तो 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात आला. त्यानुसार २०१९ या एका वर्षात भारतात १६ लाख ७० हजार मृत्यू हवेच्या प्रदूषणामुळे झाले. त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंपैकी हे १७.८ टक्के. अकाली मृत्यूंमुळे बुडालेलं उत्पादन २८.८ अब्ज डॉलर आणि आजारपणामुळे बुडालेलं ८ अब्ज डॉलर, मिळून ३६.८ अब्ज डॉलर. रुपयांत साधारण २ लाख ६० हजार कोटी. देशाच्या सकल उत्पन्नाच्या १.३६ टक्के.

आता २ लाख ६० हजार कोटी म्हणजे किती, हे मुलांनाच काय, आपल्यालाही कळत नाही. म्हणून भागाकार करायचा. लोकसंख्या सुमारे १३७ कोटी धरली तर माणशी वर्षाला साधारण १,९०० रुपये. पाच माणसांच्या घराला साडेनऊ हजार. एवढ्यात वर्गात चुळबुळ सुरू होते, कारण साडेनऊ हजार म्हणजे काय ते प्रत्येक घराला ठाऊक असतं.

दुसरा भागाकार जरा जड जातो. मृत्यूंमुळे झालेलं नुकसान रुपयांत सुमारे २ लाख ३ हजार कोटी येतं. त्याला १६.७ लाखांनी भागा. एका मृत्यूमागे साधारण १२ लाख रुपये. हे उत्तर फळ्यावर लिहिलं की थोडा वेळ काही बोलू नये. कोणीतरी विचारतंच, "सर, म्हणजे एका माणसाची किंमत बारा लाख?"

या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, पण नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही. हे बारा लाख म्हणजे तो माणूस जगला असता तर पुढे त्याने जे कमावलं असतं, उत्पादन केलं असतं, त्याची आजची किंमत. माणसाची किंमत नव्हे, त्याच्या राहून गेलेल्या कामाची. आणि ही सरासरी आहे. अकाली गेलेल्यांत वयस्कर माणसं बरीच असतात आणि त्यांच्या कमाईची वर्षं थोडी उरलेली असतात, म्हणून ती एवढी कमी दिसते.

त्याआधीचाही एक प्रश्न आहे. अमुक माणूस हवेमुळेच गेला हे ठरवलं कोणी? मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयविकार', 'पक्षाघात', 'न्यूमोनिया' असं लिहिलेलं असतं. 'हवा' असं कारण लिहिलेलं तुम्ही कधी पाहिलंय का? इथे एक सोपं गणित करून घेता येतं. समजा एका तालुक्यात वर्षाला हृदयविकाराने १०० माणसं दगावतात. त्या तालुक्यात जेवढी धूळ-धूर आहे तेवढ्या हवेत राहिल्याने हा धोका स्वच्छ हवेच्या १.२५ पट होतो, असं अनेक वर्षांच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे असं धरू. मग हवा स्वच्छ असती तर १०० ऐवजी १०० भागिले १.२५, म्हणजे ८० माणसं गेली असती. उरलेली २० हवेच्या खात्यावर. पण ती वीस कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही. शंभर घरांपैकी कुठल्याही घरी जाऊन 'तुमचा माणूस हवेनं गेला' असं म्हणता येत नाही. १६ लाख ७० हजार हा आकडा अशाच रीतीने आलेला आहे. तो खरा आहे, पण त्यातल्या माणसांना नावं नाहीत. हा विषय कोणाच्या अंगाला लागत नाही त्याचं एक कारण हेही असावं.

नाव लागलेलं एक प्रसिद्ध उदाहरण आहे, ते लंडनचं. तिथल्या लुइशम भागात, रहदारीने गजबजलेल्या रस्त्याजवळ एला किस्सी-डेब्रा ही मुलगी राहत होती. तिला तीव्र दमा होता. तीन वर्षांत पंचवीसहून अधिक वेळा तिला दवाखान्यात भरती करावं लागलं, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये नवव्या वर्षी ती गेली. तिची आई रोझमंड, पेशाने शिक्षिका. तिने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने हवेचं प्रदूषण हे तिच्या मृत्यूचं एक कारण असल्याचा निर्णय दिला. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. एका मुलीच्या दाखल्यावर एक शब्द यायला जवळजवळ आठ वर्षं लागली.

परत आपल्या फळ्याकडे येऊ. मृत्यूंची मोजणी झाली, आता किंमत लावायची. आणि खरी गंमत (गंमत कसली म्हणा) इथेच आहे. वर्गात मी एक उदाहरण देतो. आकडे काल्पनिक आहेत, तुम्ही आपल्या गावचे घाला.

समजा सातवीतल्या एका मुलाला थंडीत दम लागला. डॉक्टरांची फी २०० रुपये. औषधं ४५०. वाफ द्यावी लागली, तिचे ३००. जायचं-यायचं रिक्षाभाडं १२०. आई रोजाने कामाला जाते, तिचे दोन खाडे पडले, रोज ३५० प्रमाणे ७००. बेरीज १,७७० रुपये. खर्च मोजायची सर्वात साधी पद्धत ती हीच. औषधपाण्याचा खर्च अधिक बुडालेली मजुरी.

आता एकच गोष्ट बदला. आई कामाला जात नाही, घरीच असते. मूल तेच, आजार तोच, रात्रभर जागणारी आईही तीच. पण खाड्याचा रकाना शून्य झाला आणि आजार १,०७० रुपयांचा झाला. सातशे रुपयांनी स्वस्त!

आणखी एक बदल करा. घरात पैसेच नाहीत, म्हणून डॉक्टरांकडे नेलंच नाही. ओवा-सुंठीच्या काढ्यावर आणि पाठीला तेल चोळून चार दिवस काढले. खर्च जवळजवळ शून्य. म्हणजे ज्या घराने सर्वात जास्त सोसलं ते घर या हिशोबात सर्वात कमी नुकसान झालेलं दिसतं. मुलांना हे लगेच कळतं. मोठ्यांना जरा वेळ लागतो, हा माझा अनुभव.

आणि मुलाचे शाळेचे चार दिवस बुडाले त्याचं काय? अपूर्णांकांचा भागाकार त्या चार दिवसांत शिकवून झाला. पुढे तो त्याला नीट जमलाच नाही. या गोष्टीला आपल्या वहीत रकानाच नाही.

मुलांच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे, तो आठवीच्या मुलांना चक्रवाढ व्याज उलटं करून दाखवता येतो. वीस वर्षांनी मिळणाऱ्या एक लाखाची आजची किंमत किती? ६ टक्के दर धरला तर १,००,००० भागिले १.०६ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३१,२०० रुपये. भविष्यातली कमाई आजच्या रुपयांत आणताना ती अशी आक्रसते. आठ वर्षांच्या मुलाची पहिली कमाई दहा-पंधरा वर्षं लांब असते, त्यामुळे अख्खं आयुष्य पुढे असूनही त्याच्या आयुष्याचा भाव त्याच्या तरुण काकापेक्षा कमी निघू शकतो. अर्थशास्त्रात यामागे कारण आहे, ते चूक आहे असं मी म्हणत नाही. पण हे कारण दाखवल्याशिवाय उत्तर दाखवू नये, एवढंच माझं म्हणणं.

कमाईवरच सगळं तोललं की गरीब प्रदेशाचं काय होतं तेही याच अभ्यासात दिसतं. माणशी रुपयांत पाहिलं तर सर्वात जास्त नुकसान दिल्लीचं. राज्याच्या उत्पन्नाच्या टक्केवारीत पाहिलं तर वर उत्तर प्रदेश, २.१५ टक्के, आणि मग बिहार, १.९५ टक्के. दिल्लीची हवा वाईट आहेच, पण तिथली कमाईही जास्त, म्हणून तिथल्या आजारपणाचे रुपये जास्त होतात. अभ्यास तोच, हवा तीच, पण 'सर्वात जास्त नुकसान कोणाचं' याची उत्तरं दोन. कोणतं बरोबर, यावर वर्गात दोन गट पाडून वाद घालायला हरकत नाही. आमच्याकडे घंटा झाल्यावरही वाद संपला नव्हता.

यातून वाट काढायला अर्थतज्ज्ञांनी दुसरी एक पद्धत शोधली. माणूस किती कमावतो हे न विचारता, जिवाचा धोका थोडा कमी करायला तो स्वतः किती पैसे मोजायला तयार आहे हे विचारायचं. थॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६८ साली हा विचार मांडला. हेल्मेटच्या उदाहरणाने तो मुलांना पटकन समजतो. समजा दहा हजार माणसं आहेत आणि प्रत्येकाच्या मरणाचा धोका वर्षाला दहा हजारात एकाने कमी करणारी काही सोय आहे. प्रत्येक जण त्यासाठी ५०० रुपये द्यायला तयार आहे. सगळ्यांचे मिळून ५० लाख झाले आणि त्यातून सरासरी एक जीव वाचला. हे ५० लाख कोणा एका माणसाची किंमत नव्हे. सगळ्यांनी मिळून तेवढ्या सुरक्षिततेला दिलेली किंमत आहे. यात घरी बसलेली आई येते, निवृत्त आजोबाही येतात.

या दोन पद्धतींनी उत्तर किती बदलतं? जागतिक बँकेचा २०१६ चा अहवाल बघा. २०१३ सालच्या भारतासाठी त्यांनी दोन्ही आकडे काढले. बुडालेल्या कमाईच्या पद्धतीने सकल उत्पन्नाच्या ०.८४ टक्के, आणि लोक काय मोजायला तयार आहेत या पद्धतीने ७.६९ टक्के. नऊ पटींचा फरक! हवा तीच, वर्ष तेच, माणसं तीच. त्या वेळी काही बातम्यांमध्ये या दोन आकड्यांची चक्क बेरीज करून 'साडेआठ टक्के नुकसान' असं छापून आलं होतं. एकाच जमिनीचं क्षेत्रफळ एकदा एकरांत आणि एकदा गुंठ्यांत मोजायचं आणि मग दोन्ही मिळवायचं, तसलाच हा प्रकार. नववीच्या मुलांना ती बेरीज का चूक ते शोधायला सांगा. चांगला प्रश्न आहे.

अर्थात दुसरी पद्धतही धुतल्या तांदळासारखी नाही. ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो ५०० रुपये द्यायला तयार कसा होईल? म्हणून तिथेही श्रीमंत देशाचा श्वास महाग आणि गरीब देशाचा स्वस्त निघतो. शिवाय आपल्याकडचे असे अभ्यास थोडे, म्हणून श्रीमंत देशांतले आकडे घेऊन उत्पन्नाच्या प्रमाणात कमी करून लावले जातात. मापं उसनी आणून आपल्या पोराला सदरा शिवल्यासारखं ते होतं. बसतो, पण कुठेतरी काचतो.

तसं पाहिलं तर हिशोबात काय धरायचं हा घोळ फार जुना आहे. १९१३ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात मेलन इन्स्टिट्यूटने धुराच्या नुकसानीचा हिशोब मांडला. माणशी वर्षाला सुमारे २० डॉलर असं उत्तर आलं. त्यात काय काय होतं? धोब्याचं बिल, पडदे धुणं, घराला रंग देणं, भरदिवसा दिवे लावावे लागतात त्याचा खर्च. फुप्फुसांचा रकाना मात्र त्यात नव्हता. शर्टाची कॉलर काळी झाली की बिल येतं, ते मोजता येतं. छातीतलं काळं कोण धुणार आणि कोण बिल फाडणार!

काही पालक विचारतात की एवढं सगळं अपुरं असेल तर मोजायचंच कशाला? जिवाची किंमत रुपयांत करणंच मुळात पाप नाही का? या भावनेचा मी आदर करतो, पण मत वेगळं आहे. ज्याची किंमत मांडली जात नाही ते व्यवहारात अमूल्य ठरत नाही, फुकट ठरतं. आपल्या विजेचंच उदाहरण घ्या.

चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. तिथली वीज राज्यभर जाते, माझ्या वर्गातल्या पंख्यालाही येत असेल. कोळसा जळताना गंधकाचा धूर निघतो. त्यातला सल्फर डायऑक्साइड हवेत मिसळून पुढे अतिसूक्ष्म कणांत बदलतो, ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो. तो वायू चिमणीतच अडवणारी यंत्रणा मिळते. ती बसवणं केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ च्या नियमांनी गरजेचं केलं, मुदत होती २०१७. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. सरकारची बाजूही मुलांना सांगायला हवी. आपल्या कोळशात गंधक कमी असतं, बहुतेक ठिकाणी हवेतला हा वायू मर्यादेतच आहे आणि यंत्रणेमुळे वीज महागते, असं त्यांचं म्हणणं. पण वादातल्या दोन्ही पारड्यांकडे बघा. यंत्रणा बसवली तर युनिटमागे किती पैसे वाढतील याचा हिशोब पैशापर्यंत मांडून तयार असतो. न बसवल्याने होणाऱ्या खोकल्याचा, खाड्यांचा, बुडालेल्या शाळेचा हिशोब तितक्याच नेमकेपणाने कोणी टेबलावर ठेवलेला नसतो. एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात हळहळ. तराजू कुठे झुकणार ते सांगायला नको. पंखा आमच्याकडे फिरतो, खोकला तिकडे लागतो, आणि वीजबिलावर खोकल्याची ओळ छापलेली नसते.

मोजल्याने काय होतं याचंही एक उदाहरण सांगतो. शिक्षकांनी तर ते जरूर ऐकावं, कारण त्यात आपला हजेरीपट आहे.

अमेरिकेतल्या युटा राज्यात एका दरीत पोलादाचा मोठा कारखाना होता. १९८६ च्या उन्हाळ्यात तो बंद पडला आणि वर्षभराने पुन्हा सुरू झाला. आर्डन पोप हे तिथल्या विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी तिथल्या दवाखान्यांच्या नोंदी काढल्या. कारखाना बंद होता त्या हिवाळ्यात श्वसनाच्या आजारांनी दाखल झालेल्या मुलांची संख्या खूपच कमी होती. चालू असलेल्या हिवाळ्यांत ती दुप्पट-तिप्पट. पुढे मायकेल रॅन्सम या सहकाऱ्याबरोबर त्यांनी तिथल्या प्राथमिक शाळांचे १९८५ ते १९९० चे हजेरीपट घेतले. धुळीचं मासिक प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमने वाढलं की गैरहजेरी सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, असं त्यातून निघालं. तो अभ्यास १९९२ साली छापून आला, आणि १९९५ मध्ये याच दोघांनी त्या कारखान्यामुळे परिसरातल्या आरोग्यावर पडणारा खर्च रुपयांत, म्हणजे डॉलरमध्ये, मांडला. ज्या बाईंनी पाच वर्षं रोज सकाळी मुलांची हजेरी घेतली असेल, त्यांना कल्पनाही नसणार की आपण काय लिहून ठेवतोय.

दुसरा एक अभ्यास इस्राएलमधला आहे. तिथल्या शालान्त परीक्षेच्या दिवशी हवा किती खराब होती आणि मुलांना गुण किती पडले, हे व्हिक्टर लॅव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडून पाहिलं. खराब हवेच्या दिवशी गुण कमी पडले. पुढे त्या मुलांची मोठेपणीची कमाईही थोडी कमी राहिली. दहावीच्या केंद्रावर आपण कॉपी पकडायला भरारी पथक पाठवतो. खिडकीबाहेर कचरा जळतोय का, हे कोणी बघत नाही.

आपल्याकडे परिस्थिती काय? २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत महाराष्ट्राची शहरं सर्वात जास्त आहेत. मुंबई-पुण्याची नावं आपल्याला अपेक्षित असतात, पण जालना, लातूर, अकोला, सांगली, बदलापूरही त्यात आहेत. पीएम २.५ साठी आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २०२१ पासून ५ आहे. म्हणजे 'मर्यादेत आहे' असं वाचून मुलांनी लगेच हुश्श करू नये, आधी मर्यादा कोणाची ते विचारावं.

आणि खेड्यातल्या शाळांनी हे शहराचं दुखणं समजू नये. त्याच २०१९ च्या अभ्यासात सहा लाखांहून जास्त मृत्यू घरातल्या चुलीच्या धुराचे होते. १९९० नंतर या धुराने मरण्याचा दर ६४ टक्क्यांनी घटला, ही गॅस घरोघरी पोचण्याची पुण्याई. बाहेरच्या धुळीने मरण्याचा दर मात्र याच काळात दुपटीहून जास्त झाला. चुलीपुढची बाई बहुधा बिनपगारी असते, हे वरच्या खाड्याच्या उदाहरणाशी जोडून बघा. देशातल्या सर्वात जुन्या धुराचं बिल असंच वर्षानुवर्षं शून्याच्या आसपास राहिलं.

आता आपला हजेरीपट. त्यात एकतर हजर, नाहीतर गैरहजर. कारण विचारलंच तर 'आजारी'. ताप, पोटदुखी, खोकला, सगळं एकाच शब्दात. यंदा आम्ही काही शिक्षकांनी ठरवलंय की नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत गैरहजर मुलापुढे पेन्सिलने एक अक्षर घालायचं. ख म्हणजे खोकला किंवा दम, त म्हणजे ताप, प म्हणजे पोट, ग म्हणजे गावाला गेला, क म्हणजे घरच्या किंवा शेतातल्या कामाला. शेवटची दोन अक्षरं मुद्दाम ठेवलीत. आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं जातात. त्यांची गैरहजेरी हवेच्या नावावर टाकली तर आमचा हिशोबही त्या साडेआठ टक्क्यांसारखा होईल. पोप यांनीही थंडी, सुट्ट्या, आठवड्याचा वार हे सगळं वेगळं काढूनच उत्तर दिलं होतं.

सोबत एक छोटा तक्ता मुलांच्या घरी द्यायचा, पालकांनीच भरायचा. त्यात डॉक्टर, औषध, प्रवास, खाडा हे चार रकाने आहेत. आणखी दोन मुलांनी सुचवले. एक, 'रात्री कोण जागलं आणि किती तास'. दुसरा, 'डॉक्टरकडे गेलो नाही, कारण'. या दोन रकान्यांत रुपये लिहायचे नाहीत. नाव न लिहिता तक्ता दिला तरी चालेल, कोणाच्या घरची अडचण वर्गात चर्चेला येता कामा नये. सरकारी हवामापन केंद्र जवळ असेल तर रोजचा आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर मिळतो. नसेल तर नुसती नोंद करा. आज धुकं की धूर, शेतात पाचट जळतंय का, वीटभट्टी चालू आहे का.

एका शाळेच्या चार महिन्यांच्या नोंदीतून काही सिद्ध होणार नाही, मुलं फार थोडी आहेत. पण एका केंद्रातल्या दहा-बारा शाळांनी हेच दोन-तीन हिवाळे केलं तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे, ग्रामसभेपुढे ठेवायला कागद तयार होईल. तक्ता एकाच पानाचा आहे, पाठपोट छापला तर दोन मुलांचा होतो. कोणाला हवा असेल तर कळवा, पाठवतो. आणि तुमच्या वर्गातल्या मुलांनी सातवा रकाना सुचवला तर तोही आम्हाला सांगा.